चाकामागचा दगड

२ एप्रिल

बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे हे विचारायचं आहेच, पण आधी बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. मला नोकरी मिळाली. म्हणजे मिळाल्यात जमा आहे. डोंगरावरच्या वस्त्यांसाठी फिरती परिचारिका हवी होती. बाळंतिणींना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी जाऊन बघायचं. मुलाखतीला खूप जणी होत्या आणि निवड माझी झाली. दवाखान्यात एका जागी उभं राहून इंजेक्शनं टोचायचा मला किती कंटाळा आला होता ते तुम्हाला माहीत आहे. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं पटत नाही, म्हणून पत्र.

अट एकच आहे. स्वतःची गाडी हवी आणि गाडीला तपासणीचा दाखला हवा. आपल्या घरगुती फिरण्याला तो कधी लागला नव्हता, कामाच्या गाडीला लागतो. तुम्ही ऑपरेशनसाठी ताईंकडे जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला होतात, अधूनमधून चालू करून बंद करत जा. मी ती काल चालू केली आणि थेट तपासणी केंद्रावर नेऊन बंद केली. रागावू नका, पुढचं ऐका.

दिवे पास, हॉर्न पास, पायाचा ब्रेक पास. तपासनीस साहेब म्हणाले, या वयाची इतकी नीट ठेवलेली गाडी फार दिवसांनी पाहिली. मी अगदी फुलून गेले. मग त्यांनी गाडी चढावर घ्यायला लावली. तिथे सिमेंटचा एक उतार बांधलाय. म्हणाले, गिअर काढा, हँडब्रेक ओढा, पाय उचला. मी ओढला. तो दांडा असा काही अलगद वर आला की त्याच्या खाली काही जोडलेलंच नसावं. गाडी मागे निघाली, साहेबांनी बाजूला उडी मारली आणि कागदावर नापासचा शिक्का बसला.

फेरतपासणी २८ तारखेला. ती एकदाच मिळते. तेव्हाही गाडी घसरली तर नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला जाणार. गॅरेजवाल्याकडे गेले, तर तो म्हणतो, गाडी ठेवून जा, जूनमध्ये बघू. तुमचे चिरंजीव बोटीवर, ते पावसाळ्यानंतर उगवणार. तेव्हा ठरवलंय, केबल मीच बदलणार. माणसांना टाके घालते, गाडीला पाना लावता येणार नाही का? फक्त केबल कुठून कुठे जाते तेवढं सांगा. लवकर लिहा.

तुमची सून


८ एप्रिल

सूनबाई,

आशीर्वाद. नोकरीचं वाचून छाती फुगली. तुझ्या नणंदेला पत्र दोनदा वाचून दाखवलं. जावईबापूंनाही ऐकवलं, त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली.

आता मुद्द्याचं. हँडब्रेक हा प्रकार आपल्या गाडीला लागत नाही. तुझा जन्म झाला नसेल तेव्हापासून मी ती गाडी त्या चढावरच्या घरासमोर उभी करतोय. पहिल्या गिअरमध्ये टाकायची, मागच्या चाकामागे दगड लावायचा, संपला विषय. कधी एक इंच हलली नाही. दांडा ओढून ओढून केबल ताणायची आणि मग ती तुटली म्हणून रडायचं, हे भित्र्या लोकांचं काम. केबल बदलायची म्हणतेस, तुटली असेल. मला कळणार कसं, मी तो दांडा ओढलाच नाही. त्या तपासनिसाला दगड दाखव आणि समजावून सांग. शहाणा असेल तर ऐकेल.

इथे जावईबापूंच्या गाडीला हँडब्रेकच्या जागी बटण आहे. बटण दाबतात आणि निवांत निघून जातात. मला दारात उभं राहून बघावं लागतं, गेली की राहिली.

गाडीखाली तू जायचं नाहीस. जूनपर्यंत थांब, नाहीतर दुसरा गॅरेजवाला बघ. तरीही तू ऐकणार नाहीस हे मला दिसतंय, म्हणून सांगतो. दांड्याखालून एक केबल निघते, ती गाडीच्या पोटाखाली एका आडव्या पट्टीला येऊन मिळते. त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन केबली, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. एक तुटली की पट्टी तिरकी होते आणि दुसरीही निकामी. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नकोस, लाकडाचे ठोकळे लाव.

गुडघा वाकतो, पण कुरकुर करून. तुझ्या सासूबाईंना सांग, दगड आत ठेव, असा चांगला पाचरीसारखा दगड पुन्हा मिळायचा नाही. आणि तिला म्हणावं, दोन ओळी लिहायला काय होतं?

बाबा


१३ एप्रिल

बाबा,

नमस्कार. तपासनीस साहेबांना दगडाबद्दल सांगून पाहिलं. ते म्हणाले, ताई, वस्तीवर पेशंट अत्यवस्थ असला तर तुम्ही आधी दगड शोधणार का?

पण बाबा, मी गाडीखाली जाऊन आले. काय सांगू, मला तिथून बाहेर यावंसं वाटेना. मागची दोन्ही चाकं उचलली, ठोकळे लावले, चटई अंथरली, डोक्याला फडकं बांधलं आणि सरकले आत. तुम्ही लिहिलं होतं तसंच सगळं आहे. आडवी पट्टी सापडली तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं, मी चिरडले. पट्टी तिरकी झालीय. डावी केबल शाबूत आहे, उजवी चाकाजवळ तुटलीय आणि तारा विस्कटून बाहेर आल्यात. गंज बघता ती फार जुनी तुटलेली असावी. वापरलीच नाही म्हणून नळीतल्या नळीत धरून गेली असणार. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही, तपासणीत दिसलं ते नोंदवतेय.

मी एकटी नाही हं. मदतीला एक माणूस मिळालंय. कोण ते सांगायची मला सक्त मनाई आहे, तेव्हा विचारू नका. पहिल्या दिवशी नुसतं पाने हातात देणार म्हणून आलं आणि दुसऱ्या दिवशी मला बाजूला सरकवून स्वतः खाली. हात इतका हलका की जो गंजलेला नट माझ्याकडून हलेना, तो तेल सोडून, थोडं थांबून, गोंजारून गोंजारून काढला. मी असते तर तोडला असता.

तयार केबल दुकानात नाही. दुकानदार म्हणाला, या गाडीचे भाग यायचे बंद झाले, भंगारात बघा. मी तिथेच पायरीवर बसले. पण आमच्या मदतनिसांनी तुटकी केबल पिशवीतून काढली आणि त्याला विचारलं, ही जुनी समोर ठेवून नवी बनवून कोण देईल? तर म्हणे, बाजारामागे एकजण मोटरसायकलींच्या केबली बनवतो. तिथे गेलो. शिवणाची टेप लावून मापं घेतली, वरची नळी किती, आतली तार किती, टोकाचं बोंड केवढं. तुटलेले तुकडे जोडून मोजताना विस्कटलेल्या तारांचा भाग धरायचा की सोडायचा यावर आमचे मदतनीस आणि केबलवाला यांची चांगलीच जुंपली. शेवटी शाबूत डाव्या केबलीवरून ताडून बघायचं ठरलं. ही युक्तीसुद्धा माझी नाही. केबल शुक्रवारी मिळेल. मला तोवर धीर धरवत नाही.

आईंना तुमचा निरोप दिला. हसल्या फक्त.

तुमची सून


१८ एप्रिल

सूनबाई,

हा माणूस कोण आहे?

मी इथे पाय लांब करून पडलोय आणि तिकडे माझ्या गाडीखाली परका माणूस आडवा झालाय, आणि मला नाव विचारायची चोरी? मला अंदाज आहे. कोपऱ्यावरचा तो निवृत्त बसवाला ना? त्याचा डोळा माझ्या गाडीवर पहिल्यापासून आहे. येता-जाता बॉनेटवर हात फिरवायचा. गोडबोल्या आहे, तुझ्याकडून कधी किल्ली मागून घेईल तुला कळायचं नाही. गंजलेला नट गोंजारून काढला म्हणे. मी काढला नसता का?

तरी एक सांगून ठेवतो, कारण त्या बसवाल्याला मोठ्या गाड्यांची सवय, त्याला हे ठाऊक नसणार. नवी केबल लावल्या लावल्या ताणायची नाही. आधी ती पूर्ण सैल ठेवायची. प्रत्येक मागच्या ड्रमच्या पाठीमागे चौकोनी डोक्याचा एक नट आहे, तो आवळत जायचा, चाक हाताने फिरेनासं झालं की थोडा परत सोडायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे. म्हणजे आतले लायनर, ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमच्या जवळ आले. हे झाल्यावर केबल ताणायची. क्रम चुकवलास तर ब्रेक लागलेलाच राहील आणि चाक तापेल. मी हँडब्रेक वापरत नाही याचा अर्थ मला तो कळत नाही असा नव्हे.

तुझ्या सासूबाई काय करतात? घरात कोण येतं, कोण जातं याकडे तिचं लक्ष असेलच. तिलाच विचारतो, पण ती उत्तर देईल तर ना. इथे आल्यापासून तिची एक ओळ नाही. इतक्या वर्षांत मी इतके दिवस तिच्यापासून लांब कधी राहिलो नव्हतो. हे तिला वाचून दाखवायची गरज नाही.

बाबा


२३ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं, आणि त्या एका दिवसात आम्ही व्हायचा तो घोळ घातला.

शुक्रवारी केबल मिळाली. चकचकीत, नवीकोरी, मी ती घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. त्याच दुपारी बसवली. बोंड पट्टीच्या खाचेत बसलं तेव्हा कट्ट असा आवाज झाला आणि आम्ही गाडीखालीच हसत सुटलो. मग वर येऊन आधी काय केलं असेल, तर नट पिळून पिळून केबल ताणली. दांडा दोन दातांत, म्हणजे दोनदा कट्ट वाजताच, घट्ट. मला वाटलं, मैदान मारलं. लगेच गाडी काढून बाजारापर्यंत चक्कर मारली. गाडी जरा जड वाटत होती, पण आनंदात कोण बघतं? परत येताना करपल्याचा वास. उतरून उजव्या चाकाला हात लावला आणि भाजला. लायनर सगळा वेळ घासत होते.

रात्री जेवण गेलं नाही. लायनर जळले असतील तर २८ तारखेपर्यंत नवे कुठून आणणार? मला वस्त्यांवरची ती घरं डोळ्यांसमोर दिसायला लागली होती, आणि आता ती दुसरीच कोणी बघणार असं वाटून रडूच आलं. आमचे मदतनीस म्हणाले, रडायचं ते ड्रम उघडून बघितल्यावर रड. सकाळी ड्रम उघडला. लायनर काळवंडले होते, पण शाबूत होते. आणि तेवढ्यात पोस्टमन तुमचं पत्र घेऊन आला. मी ते गाडीखाली पडल्या पडल्या मोठ्याने वाचलं. बसवाल्याचा भाग आला तेव्हा मदतनिसांना ठसका लागला.

मग तुमच्याच क्रमाने केलं. केबल सैल, चौकोनी नट, चाक फिरवून बघ, परत सोड, मग ताण. आता दांडा पाच दात वर येतो आणि तिथे जो बसतो तो बसतो. गाडी ढकलून बघितली, शेजारच्या काकूंनाही ढकलायला लावलं. हलत नाही. सोडला की चाक कसं मोकळं फिरतं. बाबा, तुम्ही इथे असतात तर मी तुमच्या पाया पडले असते आणि तुम्ही म्हणाला असतात, तेलकट हात लावू नकोस.

२८ तारखेला उतारावर खरी परीक्षा. मदतनीस सोबत येणार आहेत.

तुमची सून


२५ एप्रिल

सूनबाई,

हे पत्र निकालानंतरच पोचेल, पण मला स्वस्थ बसवत नाही. दांडा ओढताना बटण दाबून धरू नकोस, नुसता ओढ. पाय हळू उचल.

लायनर जळले नाहीत हे वाचून सुटलो. क्रम पाळला हे चांगलं केलंस. तुझी नणंद म्हणते, मी पत्र वाचताना उठून उभा राहिलो, काठी न घेता.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. डॉक्टर म्हणतात, या पायाने क्लच दाबायचा नाही. आता नाही आणि पुढेही नाही. मी विचारलं, थोडा थोडा? तर हसले. पहिल्यांदा वाटलं, गाडी विकून टाकावी, नजरेसमोर नको. आता तू तिच्यात इतका जीव घातला आहेस, तर ती तुझी. पास झाली तर जपून चालव. मला न्यायला येण्याची घाई करू नका. लेकीकडे माझं बरं चाललंय. बाजूच्या सीटवर बसून येण्याची मला सवय नाही आणि या वयात लागायची पण नाही. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघत बसण्यापेक्षा मी इथेच बरा.

बसवाल्याला चावी द्यायची नाही.

बाबा


२८ एप्रिल

बाबा,

पास! दाखला माझ्या समोर टेबलावर आहे, सोमवारी कामावर रुजू. पण झालं कसं ते सविस्तर सांगते, कारण पाच मिनिटं मी सगळं हरले होते.

गाडी उतारावर घेतली. गिअर काढला, दांडा ओढला, पाच दात, पाय उचलला. साहेब खाली वाकून चाकाकडे बघतायत. तेवढ्यात मागचं दार उघडलं, आमचे मदतनीस टुणकन खाली उतरले, पिशवीतून दगड काढला आणि चाकामागे लावला.

बाबा, ते आपल्या घरचंच माणूस आहे. दुसरं कोण असं करेल? गाडी चढावर थांबली की दार उघडून उतरायचं आणि दगड लावायचा, पावसात, उन्हात, नटूनथटून निघालेलं असतानासुद्धा. आईंना ती सवयच जडलीय. दगड पिशवीत घालून आणलाय हे मलाही ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, दगड असताना ब्रेक लागला की नाही मला कसं समजणार? काढा तो. आई म्हणाल्या, मी काढणार नाही. साहेब म्हणाले, मग मला नापास लिहावं लागेल. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी आत बसून घामाघूम, उतरताही येईना, कारण चालकाने जागा सोडायची नाही असा नियम. नुसतं म्हणत राहिले, आई, काढा हो. त्या चाकाजवळ उकिडव्या बसल्या, दगडाला हात घातला आणि तशाच थांबल्या. मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी विचारलं, "पाय उचललायस?"

"उचललाय."

"गिअर?"

"मोकळा आहे."

त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "इकडे या. हे बघा, माझी बोटं आरपार जातात. गाडी दगडाला टेकलेलीच नाही."

साहेब गुडघ्यावर बसले, स्वतःचं बोट घालून बघितलं आणि हसायला लागले. तेव्हा कुठे आईंनी दगड उचलला आणि बाजूला ठेवला. गाडी जागच्या जागी. साहेबांनी सही केली. आई मागे येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, इतकी वर्षं मी उतरत होते ना गं, एका केबलीपायी.

नट गोंजारून काढणाऱ्या त्याच, शिवणाची टेप त्यांचीच, डाव्या केबलीवरून मापाची युक्ती त्यांची. तुम्हाला सांगायचं नाही ही मनाईही त्यांचीच. बसवाले काका बिचारे गावालाच गेलेत. तुमचं २५ तारखेचं पत्र आत्ताच आलं, आईंनी माझ्या हातातून काढून घेतलं. पुढचं त्या लिहितायत.

तुमची सून


अहो,

लिहिलं नाही, कारण हात तेलात होते. आणि तुम्ही नको म्हणाला असतात. मग मी थांबले असते.

गाडीखाली पाठीवर पडून वर बघितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, तुम्ही तासन्‌तास तिथे काय करत होतात. मला वाटायचं, माझ्यापासून सुटायला जाता. तसं नाही. तिथे फार छान वाटतं. मला आधीच का नाही नेलंत?

तुमचा क्लच सुटला हे वाचून वाईट वाटलं. खूप वाटलं. तुम्ही लेकीच्या गॅलरीत बसून जावयाच्या गाडीकडे बघत असाल, ते मला इथून दिसतं. पण तिथेच बरा, हे मला मान्य नाही. घर मोकळं मोकळं वाटतंय आणि चहा मी अजून दोन कपांचाच टाकते.

मी शिकाऊ परवाना काढलाय. रोज सकाळी शाळेमागच्या मैदानात सूनबाई शेजारी बसते आणि मी चालवते. क्लच हळू सोडायचा हे जमलं, रिव्हर्स अजून वाकडा जातो. सूनबाई पुढच्या रविवारी मोकळी आहे. आम्ही तुम्हाला न्यायला येतोय. सपाट रस्ता आला की मी चालवणार.

बाजूच्या सीटवर बसायची सवय नाही म्हणता. तिथे मी बसत आले, मला ठाऊक आहे, फार काही करावं लागत नाही. बाहेर बघायचं. चालवणाऱ्याला तहान लागली असेल तर पाणी द्यायचं. आणि गाडी चढावर थांबली, तरी तुम्ही उतरायचं नाही. नुसतं बसून राहायचं.

सामान भरून ठेवा.

मी